कुंपणाआडचं हायस्कूल: मॅन्झनार छावणीतली नाटकं आणि विद्यार्थी मंडळं

युद्ध चालू असताना शाळेत नाटक बसवावं का, विद्यार्थ्यांची मंडळं चालवावीत का, हा प्रश्न एरवी खर्चाचा किंवा औचित्याचा म्हणून विचारला जातो. दुसऱ्या महायुद्धात मॅन्झनार छावणीच्या हायस्कुलासमोर तो फार वेगळ्या रूपात आला. शाळा अमेरिकेतली, शिकवण्याची भाषा इंग्रजी, मुलं बहुतेक सगळी जपानी वंशाची पण कॅलिफोर्नियात जन्मलेली, म्हणजे जन्मानेच अमेरिकन नागरिक. आणि त्याच अमेरिकेच्या सैन्याने त्यांच्या वस्तीभोवती काटेरी तार ओढली होती, मनोऱ्यांवर पहारे बसवले होते. अशा जागी मुलांनी इंग्रजी नाटकं बसवली, विद्यार्थी मंडळाच्या निवडणुका लढवल्या, बॅटन (संचलनात फिरवायची छडी) फिरवण्याची तालीम केली, गायकवृंद उभा केला, स्वतःचं इयरबुक, म्हणजे शाळेच्या वर्षाचं सचित्र स्मरणपुस्तक, काढलं. १९४२ च्या शरद ऋतूपासून १९४५ च्या उन्हाळ्यापर्यंत हे चाललं.

या प्रकरणाचा अर्थ लावताना लोक दोन टोकं गाठतात. काही म्हणतात, मुलं गात होती, नाचत होती, मग छावणी इतकी वाईट नसणार. काही म्हणतात, हा सगळा सरकारी देखावा होता, मुलं त्यात वापरली गेली. मला दोन्ही म्हणणी खोटी वाटतात. छावणी अन्यायाचीच होती, आणि त्या अन्यायाच्या पोटात मुलांनी जे उभं केलं ते खरंच त्यांचं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते तपशिलात शिरल्याशिवाय कळत नाही.

छावणी

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६ वर सही केली. आदेशाच्या मजकुरात जपानी वंशाच्या लोकांचं नावही नाही. हवा तो प्रदेश लष्करी क्षेत्र ठरवून तिथून कोणालाही हलवण्याचा अधिकार तेवढा लष्कराला दिला आहे. प्रत्यक्षात पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरं, दुकानं, शेतं, मासेमारीच्या होड्या मागे टाकून निघावं लागलं. त्यांतले साधारण दोनतृतीयांश अमेरिकन नागरिक होते. त्यांच्यावर आरोप नव्हता, खटला नव्हता, सुनावणी नव्हती.

या लोकांसाठी उभारलेल्या दहा मोठ्या छावण्यांपैकी मॅन्झनार ही एक. लॉस एंजेलिसपासून उत्तरेला साडेतीनशे किलोमीटरवर, सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, ओवेन्स खोऱ्यात. उन्हाळ्यात अंगाची लाही, हिवाळ्यात गोठवणारी थंडी, आणि बारा महिने वारा आणि धूळ. दहा हजारांवर माणसं ३६ ब्लॉकांत राहत होती. प्रत्येक ब्लॉकमध्ये डांबरी कागद ठोकलेल्या १४ लाकडी बराकी, सामायिक जेवणघर, सामायिक धुणीघर, सामायिक संडास. एक बराक २० फूट रुंद आणि १०० फूट लांब. तिचे चार भाग पाडलेले, आणि एका भागात आठ-आठ माणसं. मधल्या भिंती छतापर्यंत न गेल्याने शेजारच्या कुटुंबाचं भांडण, रडणं, घोरणं सगळं ऐकू येई.

शाळेच्या मंडळांविषयी लिहिताना बराकीची मापं कशाला, असं वाटेल. पण त्या मंडळांचं मूळ याच मापांत आहे. २० फूट गुणिले २५ फुटांच्या खोलीत आईवडील, भावंडं, कधी आजीआजोबा किंवा अनोळखी जोडपं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला अभ्यासाला कोपरा नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, मैत्रिणीशी बोलायला जागा नाही. जेवण रांगेत उभं राहून. त्यामुळे घरातली पंगत मोडली. मुलं आईवडिलांना सोडून मित्रांबरोबर जेवू लागली. तिथल्या माणसांच्या आठवणींत ही तक्रार पुन्हा पुन्हा येते: छावणीने कुटुंबं फोडली ती जेवणघरापासून. बापाचा धंदा गेलेला. छावणीत काम केलं तर महिन्याला १२, १६ किंवा १९ डॉलर मिळत, त्यातही वरचा दर डॉक्टरांसारख्या व्यावसायिकांना. घर चालवणारा माणूस म्हणून बापाचा जो वचक असे, तो उरला नव्हता. मुलं घराबाहेरच वाढू लागली, आणि घराबाहेर त्यांच्यासाठी होती ती शाळा.

रिकाम्या बराकीतली शाळा

१९४२ च्या शरद ऋतूत वर्ग भरले तेव्हा बाकं नव्हती, खुर्च्या नव्हत्या, पुस्तकं जेमतेम होती. मुलं जमिनीवर बसली. हायस्कुलासाठी निराळी इमारत अशी नव्हतीच. सातव्या ब्लॉकच्या राहायच्या बराकींनाच वर्ग म्हणायचं. प्रमाणपत्र असलेले शिक्षक बाहेरून आणलेले, बहुतेक गोरे, आणि त्यांच्या मदतीला छावणीतलीच शिकलेली तरुण मंडळी, छावणीच्या पगारावर.

अभ्यासक्रमाची आखणी झाली ती स्टॅनफर्ड विद्यापीठात. १९४२ च्या उन्हाळ्यात तिथल्या पॉल हॅना या प्राध्यापकांच्या वर्गाने छावण्यांतल्या शाळांसाठी आराखडा तयार केला. ‘सामुदायिक शाळा’ ही त्यामागची कल्पना. आजूबाजूचा समाज हाच मुलांच्या शिक्षणाचा विषय. त्या समाजाचं पाणी, शेती, प्रशासन, आरोग्य यांचा अभ्यास करत मुलांनी लोकशाही शिकायची. गावातल्या शाळेसाठी हा विचार उत्तमच म्हणावा लागेल. पण इथला ‘समाज’ म्हणजे तुरुंग. स्वतःच्या बंदिवासाचा नमुना-वस्ती म्हणून अभ्यास करा, असं मुलांना सांगणं फार क्रूर होतं, जरी सांगणाऱ्यांच्या मनात क्रौर्य नसलं तरी. नागरिकशास्त्राच्या तासाला राज्यघटना शिकवायची आणि तास संपल्यावर खिडकीतून मनोरा दिसायचा, अशा शाळेतले जे शिक्षक प्रामाणिक होते त्यांची काय घालमेल झाली असेल याचा विचार करून पाहावा.

वर्गात अशी कोंडी असताना मंडळांत मुलांना श्वास मिळाला. वर्गात काय शिकायचं ते वॉशिंग्टन आणि स्टॅनफर्ड ठरवत होते. नाटकात कोणी कोणती भूमिका करायची, वार्तापत्रात पहिल्या पानावर काय घ्यायचं, नाचाच्या कार्यक्रमाला खोली कशी सजवायची, हे मुलं ठरवत होती. उगवल्या दिवसापासून मावळेपर्यंत दुसऱ्याच्या भोंग्यावर चालणाऱ्या वस्तीत एवढी सत्ता थोडी नव्हती.

‘कॅम्पस पेपर’ नावाचं शाळेचं वार्तापत्र निघत असे. विद्यार्थी मंडळ होतं, खेळांची मंडळं होती. १९४३ मध्ये प्रसिद्ध छायाचित्रकार अन्सेल अ‍ॅडम्स मॅन्झनारला आले. त्यांनी टिपलेल्या चित्रांत बॅटनचा सराव करणारी मुलगी आहे, मधल्या सुट्टीत बराकींमधून चाललेली मुलांची झुंबड आहे, आणि लुई फ्रिझेल यांच्या हाताखाली गाणारा गायकवृंद आहे.

फ्रिझेल हे या प्रकरणातलं महत्त्वाचं माणूस. विशीतला तरुण संगीतशिक्षक, पुढे चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर नट म्हणून काम केलेला. त्यांनी मुलांकडून नुसती ठरलेली गाणी म्हणवून घेतली नाहीत. त्यांच्यासाठी नवं संगीत लिहिलं. मेरी कागेयामा ही त्यांची विद्यार्थिनी छावणीभर गायिका म्हणून ओळखली जाऊ लागली. लोक तिला मॅन्झनारची ‘साँगबर्ड’ म्हणत. फ्रिझेल यांनी खास तिच्या आवाजासाठी गाणं रचलं. संगीत किंवा नाटक शिकवणाऱ्याला याचं मोल कळेल. दहा हजारांच्या वस्तीत प्रत्येक कुटुंबाला सरकारने एक क्रमांक दिला होता. तिथे एका मुलीचा आवाज कुठल्या पट्टीत खुलतो हे ऐकून कोणीतरी तिच्यासाठी चाल बांधत होतं.

नाटकाला काय लागतं

मंडळांमध्ये नाटकाची गोष्ट मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते, कारण नाटकाला ज्या गोष्टी लागतात नेमक्या त्याच छावणीत नव्हत्या.

पहिली गोष्ट तारीख. नाटक बसवायचं म्हणजे महिना-दीड महिन्यानंतरची एक संध्याकाळ ठरवायची आणि त्या संध्याकाळी सगळे जण इथेच असतील असं गृहीत धरायचं. मॅन्झनारमध्ये पुढच्या महिन्याचं कोणालाच सांगता येत नव्हतं. एखादं कुटुंब शिकागोला कामाला जाण्याची परवानगी मिळून निघून जाई. वरच्या वर्गातल्या मुलाला मध्य किंवा पूर्व अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळे; मे १९४२ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी पुनर्वसन परिषदेने चार हजारांच्या आसपास तरुणांना असं छावण्यांतून बाहेर काढलं. प्रत्येकाचं जाणं आनंदाचंच, पण तालमीत एक जागा रिकामी. अशा ठिकाणी प्रयोगाची तारीख फळ्यावर लिहिणं म्हणजे भविष्यावर हक्क सांगणं. मुलांनी तो अशा शब्दांत सांगितला नसेल. कृतीत तो होता.

दुसरी गोष्ट घर. त्या काळच्या अमेरिकन हायस्कुलांत तीन अंकी हलक्याफुलक्या घरगुती नाटकांची चलती होती. दिवाणखाना, सोफा, वरच्या मजल्याकडे जाणारा जिना, वाजणारा टेलिफोन, कडी लावता येणारं दार, आणि त्या दारातून आत-बाहेर करणारं एक मध्यमवर्गीय कुटुंब. बाहेरच्या शाळेत असं नेपथ्य उभारणं म्हणजे हौशी मुलांचं शनिवारचं सुतारकाम. पण कागद ठोकलेल्या भिंतींच्या खोलीतून येणारी मुलं जेव्हा रंगमंचावर दिवाणखाना उभा करतात आणि त्या दिवाणखान्यात एखादी मुलगी ‘मी माझ्या खोलीत जाते’ असं म्हणून दार लावून घेते, तेव्हा त्या वाक्याचं वजन बदलतं. प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येकाला कधीकाळी तसं दार होतं. हलकं नाटक म्हणून त्या निवडीला नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. छावणीचं दुःख मांडणारं नाटक मुलांनी का केलं नाही, असं आज विचारणं सोपं आहे. दुःख त्यांना सकाळी संडासाच्या रांगेपासून दिसतच होतं. गेलेलं होतं ते घर.

तिसरी गोष्ट रंगमंच. सुरुवातीला कार्यक्रम जेवणघरांत, करमणुकीच्या बराकींत किंवा उघड्यावर होत. १९४४ मध्ये शाळेला सभागृह मिळालं. ते छावणीतल्याच सुतारांनी आणि मजुरांनी बांधलं. मोठी, उंच छताची लाकडी इमारत. रंगमंच, खेळायला मोकळी जमीन, हजारभर माणसं मावतील अशी. हे सभागृह बांधताना काही लोकांच्या मनात निश्चितच आलं असणार की आपल्याच तुरुंगात आपण कशाला कायमची भर घालायची. दुसरीकडे, बाहेरची काही वृत्तपत्रं आणि काँग्रेसमधली, म्हणजे अमेरिकन संसदेतली, मंडळी ‘जपान्यांचे लाड चालले आहेत’ असा ओरडा करत होती. १९४३ मध्ये काँग्रेसच्या डाइस समितीने छावण्यांची त्या रोखाने चौकशीही केली होती. या दोन्हींच्या मधून ती इमारत उभी राहिली.

हे सगळं कोणाला हवं होतं

छावण्या चालवणाऱ्या वॉर रिलोकेशन अथॉरिटीला मंडळं हवी होती, यात शंका नाही. कारणं तीन. रिकामा तरुण म्हणजे उद्याचा दंगलखोर, ही प्रशासकाची नेहमीची भीती. शिवाय या मुलांचं ‘अमेरिकीकरण’ करायचं हे धोरण: शाळेत झेंड्याला निष्ठेची शपथ, व्यवहार इंग्रजीत, जपानी भाषेच्या शाळांना सुरुवातीला मज्जाव. आणि तिसरं, बाहेरच्या जगाला दाखवायला चित्रं. बॅटन फिरवणारी मुलगी इतकी अमेरिकन दिसते की तिला कोंडून ठेवण्याची गरज काय, असं तिचा मित्र विचारेल. तिचे इतके लाड कशाला, असं तिचा शत्रू विचारेल. आणि बघा आम्ही किती छान सांभाळतो, असं प्रशासन म्हणेल. अ‍ॅडम्स यांना मनोरे आणि काटेरी तार टिपण्याची मनाई होती, हे त्यांची चित्रं पाहताना डोक्यात ठेवायला हवं.

कुंपणाबाहेरच्या शाळांतही राज्यसंस्थेचा हात मंडळांवर होताच. १९४२ च्या शरद ऋतूत देशभरच्या हायस्कुलांत ‘व्हिक्टरी कोर’ सुरू झाला: हवाई, भूदल, सागरी, उत्पादन आणि समाजसेवा अशा पाच शाखा, कवायत, युद्धाचं पूर्वप्रशिक्षण. विद्यार्थी मंडळं भंगार गोळा करू लागली, युद्धबचतीची तिकिटं विकू लागली. नोव्हेंबर १९४२ मध्ये सैन्यभरतीचं वय २० वरून १८ वर आलं आणि शेवटच्या वर्गातले मुलगे वर्षअखेरीस नाटकात असतील की सैन्याच्या बराकीत याचा भरवसा राहिला नाही. पेट्रोलचं रेशनिंग झाल्यावर दुसऱ्या गावी सामने आणि स्पर्धा अवघड झाल्या. म्हणजे युद्धाने सगळ्याच शाळांतल्या मुलांचा मोकळा वेळ मागून घेतला. फरक असा की बाहेरच्या मुलाने भंगार गोळा केलं तर तो देशप्रेमी ठरे. मॅन्झनारच्या मुलाने तेच केलं तरी तो संशयितच राही. त्याला आपलं देशप्रेम रोज नव्याने सिद्ध करायचं होतं, आणि सिद्ध करूनही फाटक उघडत नव्हतं.

आईवडिलांचं मत एकसारखं नव्हतं आणि असणंही शक्य नव्हतं. पहिल्या पिढीच्या, म्हणजे इस्सेई आईबापांना कायद्याने नागरिकत्व घेताच येत नव्हतं; छावणीच्या निवडणुकीतली पदंही सुरुवातीला त्यांच्या मुलांनाच, निसेईंनाच, खुली होती. स्वतःचा सगळा अधिकार गेलेला असताना मुलगी संध्याकाळी नाचाच्या कार्यक्रमाला जाते म्हटल्यावर बापाला काय वाटलं असेल? काहींना ही मुलं आपल्यापासून आणि आपल्या भाषेपासून तुटत चालल्याचं दिसत होतं. काहींना, निदान मूल चार तास हसतं तरी, एवढं पुरे होतं. मुलांच्या मंडळांचं कौतुक करताना ही किंमत कोणी भरली ते विसरता येणार नाही.

डिसेंबर १९४२

६ डिसेंबर १९४२ च्या संध्याकाळी मॅन्झनारमध्ये गोळीबार झाला. प्रशासनाशी सहकार्य करणाऱ्या एका पुढाऱ्याला आदल्या रात्री मारहाण झाली होती; त्या आरोपावरून हॅरी उएनो या स्वयंपाकघरातल्या कामगाराला पकडलं गेलं. छावणीच्या वाट्याचं साखर आणि मांस अधिकारी चोरतात, असा आरोप उएनो यांनी जाहीरपणे केलेला असल्याने त्यांच्या मागे लोक होते. जमाव जमला, सैनिकांनी अश्रुधूर सोडला, मग गोळ्या झाडल्या. दोघांचा जीव गेला. त्यांतला एक १७ वर्षांचा होता, हायस्कुलात बसायच्या वयाचा.

शाळा बंद झाली ती जानेवारीत उघडली. शोक म्हणून अनेकांनी काळ्या फिती बांधल्या होत्या. या महिन्याविषयी मंडळांच्या इतिहासात सहसा एक ओळ असते: शाळा काही काळ बंद होती. मला वाटतं या प्रकरणाची खरी कसोटी तिथेच आहे. परत आल्यावर त्याच मुलांनी तालमी का सुरू केल्या? विसरून गेले म्हणून नव्हे. दहा हजारांच्या वस्तीत दोन मृत्यू कोणी विसरत नाही. माझा तर्क असा की एकमेकांवरचा विश्वास उडालेल्या, कोण खबऱ्या आणि कोण नाही या संशयाने पोखरलेल्या त्या वस्तीत, ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीत जमून एकमेकांचे संवाद ऐकणं हा एकत्र राहण्याचा एक शिल्लक मार्ग होता.

लगेच फेब्रुवारी १९४३ मध्ये निष्ठेची प्रश्नावली आली. १७ आणि त्यावरच्या प्रत्येकाने ती भरायची. प्रश्न २७: सैन्यात जायला तयार आहात का? प्रश्न २८: अमेरिकेशी निर्विवाद निष्ठा जाहीर करून जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडता का? जी निष्ठा कधी नव्हतीच ती सोडायची कशी, हा एक पेच. आणि आईवडील एक उत्तर देणार, आपण दुसरं दिलं तर कुटुंब तुटणार, हा त्याहून मोठा. शेवटच्या वर्गातल्या मुलांनी हे कागद भरले. ‘नाही’ म्हणणाऱ्यांची रवानगी टुली लेक छावणीत होणार होती, आणि मॅन्झनारमधली ती मोठी पाठवणी १९४४ च्या फेब्रुवारीत झाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत निसेई तरुणांना पुन्हा सक्तीच्या सैन्यभरतीखाली आणल्याचं जाहीर झालं. शाळेच्या एकाच वर्षात कोणी टुली लेकला, कोणी सैन्यात, कोणी कॉलेजात.

‘आवर वर्ल्ड’

नेमकं याच वर्षी, १९४३-४४ मध्ये, मुलांनी ‘आवर वर्ल्ड’ हे इयरबुक काढलं. वर्ग, शिक्षक, मंडळं, खेळ, जेवणघरं, छावणीचे विभाग, सगळं त्यात आहे. बाहेरच्या आयुष्यासारखं आयुष्य आपण इथे उभं करू पाहिलं, अशी त्यामागची मुलांची भावना पुस्तकात स्पष्ट आहे. मांडणी इतकी नेहमीची आहे की चाळताना क्षणभर आपण छावणीत आहोत हे विसरायला होतं. म्हणूनच काही वाचक त्याच्यावर रागावतात. मी रागावत नाही. गावी राहिले असते तर त्यांना जे इयरबुक मिळालं असतं ते कोणीतरी हिरावून घेतलं. त्यांनी ते परत बनवलं.

त्यातली छायाचित्रं तोयो मियाताके यांची. लॉस एंजेलिसचे नामवंत छायाचित्रकार. जपानी वंशाच्या माणसांना कॅमेरा बाळगायला बंदी असताना त्यांनी भिंग लपवून आत आणलं आणि सुताराकडून लाकडी पेटी करून घेऊन कॅमेरा जुळवला. पुढे प्रशासनाने त्यांना अधिकृत छायाचित्रकार केलं, पण सुरुवातीला अट अशी की रचना त्यांनी करायची आणि बटण मात्र गोऱ्या माणसाने दाबायचं. नंतर ती अट गळून पडली. त्यांचा मुलगा आर्ची त्याच हायस्कुलात शिकत होता. आपल्या मुलाच्या शाळेचं चित्रण करणारा हा बाप आणि बाहेरून आलेला छायाचित्रकार यांची नजर एक असू शकत नाही. १९४५ च्या ‘व्हॅलेडिक्शन’ या शेवटच्या इयरबुकासाठी मियाताके यांनी काटेरी तारेवर पक्कड धरलेला हात टिपला. ज्या शाळेचा उपयोग छावणी सुखाची असल्याच्या पुराव्यासाठी करायचा होता, तिच्याच इयरबुकात हे चित्र छापलं गेलं. मंडळं हा निव्वळ सरकारी देखावा होता असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे चित्र आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. इयरबुकात जे हसरे चेहरे आहेत त्यांत गोळीबाराचा महिना नाही. मंडळांपासून दूर राहिलेली, रागाने किंवा लाजेने किंवा घरातल्या आजाऱ्यामुळे, मुलं त्यात नाहीत. जो मुलगा सबंध तीन वर्षं एकाही मंडळात गेला नाही त्याचंही मॅन्झनार तितकंच खरं होतं, आणि त्याच्याविषयी आपल्याकडे फार कमी लिहिलेलं आहे.

राल्फ लाझो

एका विद्यार्थ्याची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. राल्फ लाझो हा लॉस एंजेलिसच्या बेलमाँट हायस्कुलातला, मेक्सिकन आणि आयरिश वंशाचा मुलगा. शाळेतले जपानी वंशाचे मित्र मॅन्झनारला नेले जात आहेत हे पाहून १९४२ मध्ये, १७ व्या वर्षी, तोही त्यांच्याबरोबर गेला. वडिलांना वाटलं पोरगा सुट्टीच्या शिबिराला चाललाय. जपानी वंशाचा नसलेला, कोणाचा जोडीदार नसलेला आणि तरी स्वतःहून छावणीत राहिलेला असा तो एकच माणूस ज्ञात आहे.

मॅन्झनार हायस्कुलात तो रमला. वर्गाने त्याला अध्यक्ष निवडलं आणि १९४४ मध्ये त्याने तिथूनच शालेय शिक्षण पूर्ण केलं. त्याच्या निवडीत मला मुलांचा मोठेपणा दिसतो. वंशावरून ज्यांना कोंडलं त्यांना एक तरी गोष्ट स्वतःच्या मताने ठरवायची संधी होती, आणि तिथे त्यांनी वंश पाहिला नाही. पुढे लाझो सैन्यात गेला, पॅसिफिक आघाडीवर लढला, ब्राँझ स्टार हे लष्करी पदक मिळवून परतला आणि शिक्षणक्षेत्रात काम करू लागला.

शाळेनंतर

डिसेंबर १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मित्सुये एन्डो खटल्यात निकाल दिला की निष्ठावान नागरिकाला सरकार असं अडकवून ठेवू शकत नाही. जानेवारी १९४५ पासून किनाऱ्यावर परतण्याची बंदी उठली. शाळेचं वर्ष संपताच हायस्कूल बंद झालं, आणि २१ नोव्हेंबर १९४५ रोजी छावणी. निघणाऱ्याला २५ डॉलर आणि प्रवासाचं तिकीट. बराकी विकल्या गेल्या, मोडल्या गेल्या. सभागृह मात्र टिकलं. आधी माजी सैनिकांच्या संघटनेकडे, मग कौंटीच्या रस्ते विभागाकडे गेलं आणि दशकानुदशकं तिथे ट्रक आणि यंत्रं दुरुस्त होत राहिली. १९९२ मध्ये मॅन्झनार राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं. डागडुजी करून २००४ पासून त्याच सभागृहात अभ्यागत केंद्र चालतं.

छावणीतले बरेच लोक युद्धानंतर वर्षानुवर्षं याविषयी आपल्या मुलांशीही बोलले नाहीत. डिसेंबर १९६९ मध्ये मॅन्झनारची पहिली संघटित यात्रा निघाली. तिच्यानंतर दरवर्षीच्या यात्रेची धुरा सांभाळणाऱ्या स्यू कुनितोमी एम्ब्री या छावणीतल्या ‘मॅन्झनार फ्री प्रेस’ या वृत्तपत्राच्या एकेकाळच्या संपादक. हायस्कुलाचे माजी विद्यार्थीही म्हातारपणापर्यंत स्नेहमेळाव्यांना जमत राहिले. इयरबुकातली नावं आणि चेहरे यांच्या आधारे माणसं एकमेकांना शोधू शकली, आणि पुढे नुकसानभरपाईची चळवळ उभी राहिली तेव्हा साक्ष द्यायला, वर्गणी काढायला, पत्रं लिहायला ही जुनी ओळख कामी आली. १९८३ मध्ये सरकारविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. त्या दाव्याच्या खर्चासाठी हजार किंवा जास्त डॉलर देणाऱ्या मोजक्या देणगीदारांत मॅन्झनार हायस्कुलाचा तो वर्गाध्यक्ष, राल्फ लाझो, होता. १९८८ मध्ये काँग्रेसने नागरी स्वातंत्र्य कायदा संमत करून देशाच्या वतीने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २० हजार डॉलर देण्याचं ठरवलं. लाझोला त्यातला एक डॉलरही मिळायचा नव्हता. मदतीसाठी पात्र ठरायला जपानी वंश लागत होता.